चंबू, अडीचशे मिली, एक

शुक्रवारी चार वाजता विज्ञान मंडळ.
मी स्टुलं मांडतो, खिडकीच्या फटीत वर्तमानपत्र कोंबतो,
पोतोसीचा वारा विचारून आत येत नाही,
मग बादली आणि ब्रश घेऊन कोपऱ्यात उभा राहतो.
माझं काम प्रयोग संपल्यावर सुरू होतं.

ओर्तेन्सिया बाई आधी फेस काढतात.
पेरॉक्साइड, भांड्यांचा साबण, बेकरीतून मागून आणलेलं यीस्ट.
याला हत्तीची टूथपेस्ट म्हणतात, त्या सांगतात.
हत्ती इथे कुणाच्या बापानं पाहिलाय?
"लामाची," मागून सोराइदा म्हणते,
बावीस पोरं खिदळतात, आणि फेस टेबलावरून उतरून
माझ्या बुटापर्यंत येतो,
कोमट.

दुसरा प्रयोग फसतो.
चाळीस सेकंदांत निळं व्हायला हवं होतं.
पोरं मोठ्यानं मोजतात, चाळीस, साठ, नव्वद.
थंडीत रसायनंही अंग चोरतात.
मोजणारे कंटाळतात, कुणीतरी कुणालातरी चिमटा काढतं,
आणि नेमकं तेव्हा, एका क्षणात, सगळं निळं.
माझ्याशिवाय कुणी पाहिलं नाही.
मीही बोललो नाही.

मग बाई पर्समधून एक तपकिरी बाटली काढतात.
सुक्रेहून मागवलेली, स्वतःच्या पगारातून,
तीन ग्रॅम. चांदीचं मीठ.
त्यात अमोनिया, थेंब थेंब.
आधी गढूळ, खाणीतून येणाऱ्या ओढ्यासारखं,
मग एका थेंबाला
काही घडलंच नव्हतं असं नितळ.
मग ग्लुकोज. मग गरम पाण्याची परात.
इथलं पाणी लवकर उकळतं पण म्हणावं तसं तापत नाही,
आमच्या बटाट्यांना विचारा.
"फिरव, लिंबेर्त. थांबू नकोस."
कल्हईवाल्यानं भांडं फिरवावं तसा तो चंबू फिरवतो,
जीभ दातांत धरून,

आणि काच आतून मिटते.

खिडकीतून तो डोंगर दिसतो.
एकोणीस वर्षं मी त्याच्या पोटात होतो.
कथील काढलं, जस्त काढलं,
धूळ काढली नाही, ती सोबत घेऊन आलो,
जिना चढताना अजून वाजते.
चांदी असायची ती कागदावर, टक्क्यांत,
गोणीमागे इतकी, आणि तीही कापून.
त्याआधीची, सगळे सांगतात, जहाजांत चढली.
कुणाची तरी चांदी झाली.
मी तिचा रंग पाहिला नव्हता.

आता चंबूत बावीस नाकं, फुगलेली.
सोराइदा आपले दात बघते.
बाईंच्या खांद्यामागे, अगदी बारीक, बादली धरलेला एक म्हातारा.
लिंबेर्त विचारतो, "हिचे किती येतील?"
"एका पावाचेही नाहीत," बाई म्हणतात.
तो मान हलवतो. त्याचा बाप आज दुसऱ्या पाळीला आहे.

उरलेलं द्रावण रात्रभर ठेवायचं नसतं, बाई सांगतात,
सुकलं की फुटतं.
यावर कुणी हसत नाही.
ही खाणीतल्या माणसांची पोरं,
फुटणं त्यांना शिकवावं लागत नाही.
बाई त्यात आम्ल ओततात, ते पांढरं होतं, दह्यासारखं,
आणि तास संपतो.

लिंबेर्त मागे राहतो.
त्याच्या अंगठ्यावर काळा डाग पडलाय, घासून पाहतो.
"दोन सातुर्निनो, हे निघतं?"
"आठवड्यानं. कातडीबरोबर."
"आणि हे?" चंबूकडे बोट.
हे एका मिनिटात निघतं. कपाटात तीव्र आम्ल आहे,
किल्ली माझ्याच खिशात.

मी बेसिनचा नळ सोडतो, त्याच्याकडे पाठ करून,
आणि बराच वेळ काहीही धूत नाही.

मग उतारावरून जाताना तो दिसतो,
स्वेटर एका बाजूनं फुगलेला,
पावलं जपून टाकतोय, पोटाशी मांजराचं पिल्लू असल्यासारखी.
मी नोंदवही उघडतो, पेनावर फुंकर घालतो, लिहितो:
चंबू, अडीचशे मिली, एक. फुटला.