अठरा बाय बावीस

रेजिना म्हणाली, आधी जागा कर, मग मापं घे.
मी उलटं करून बसलो होतो.
कॅलेंडरच्या पाठीवर शेड कधीच उभी होती:
सहा खांब, तीन भिंती, पुढे दोन फळ्यांचं दार,
आणि आत तीन ट्रॅक्टर, पेन्सिलीचे,
एकमेकांना न घासता.

बागेतले ट्रॅक्टर हे. गवत कापणारे.
शेतातल्या ट्रॅक्टरच्या गुडघ्याला लागतील एवढेच.
चेंबूरच्या क्लबात एकतीस वर्षं
मी त्यांची पोटं उघडली, मिटली.
निवृत्तीला घड्याळ देत होते.
म्हटलं, घड्याळ राहू दे, ते मोडीतले तिघे द्या.
दोन आले टेंपोत, भाईंदरवरून वळसा घालून.
तिसरा सुटा, मार्व्याच्या बोटीतून, सहा खेपांत.
इंजिन चादरीत गुंडाळून मांडीवर घेतलं होतं,
शेजारच्या बाईनं हळूच विचारलं,
फार आजारी आहे का?

तर जागा.
वर झावळ्या. झावळ्यांखाली फुटकी टाकी.
टाकीत कोंबडी, अंड्यांवर,
तिला पाटीसकट उचलून पडवीत नेलं,
दोन दिवस ती माझ्याकडे एकाच डोळ्यानं बघत राहिली.
मग इनासची होडी, एका कुशीवर उरलेली.
भावाला कुवेतला फोन लावला.
असू दे रे, आलो की बघू.
अकरा वर्षं ती होडी या एका वाक्याखाली झाकलेली.
फळ्या सुट्या केल्या. खिळे डब्यात भरले,
डब्यावर त्याचं नाव घातलं.
शेवग्याला हात लावला नाही.
खांब नंबर चार त्याच्यासाठी दीड फूट सरकला.

पाचव्या दिवशी दोरी ताणली, खड्डे खणले, चुना टाकला.
अठरा बाय बावीस.
आत जाऊन उभा राहिलो.
खाडीपलीकडे असलो तरी पत्त्यात आम्ही मुंबईच लिहितो.
त्या पत्त्यावर एवढी जमीन,
वर काहीही न ठेवलेली,
मी तरी पहिल्यांदाच बघत होतो.

बघणारा मी एकटा नव्हतो.
सकाळी खालच्या आळीची सेसिल जवळा पसरून मोकळी.
दोनच दिवस, कैतान.
पास्कूनं मोटारसायकल लावली
चुन्याच्या रेषेला अगदी समांतर,
मला वाटलं आता पावती मागेल.
पोरांनी खांबांच्या खड्ड्यांत चेंडू टाकायचा खेळ काढला,
खड्डा नंबर दोनला जास्त मार्क.
रविवारी मिसा सुटल्यावर मर्सेलिन आली,
पोरीचं लग्न ठरलंय, मांडवाला तुझ्याकडे जागा आहे ना?
नाही म्हणायला तोंड उघडलं.
तो शब्द बहुतेक
झावळ्यांबरोबर जाळला गेला होता.

खड्ड्यांवर फळ्या टाकल्या, इनासच्याच.
लग्न झालं. रात्रभर नाच झाला.
पाहुण्यांच्या चपलांना लागून
माझ्या शेडची उत्तरेची भिंत
घरोघर गेली.

ट्रॅक्टर गल्लीत, ताडपत्रीखाली.
उंदरांनी हिरव्याच्या सीटमधला स्पंज नेला,
लालच्या टाकीवर गंजाचं पहिलं बोट.
मी रुसून बसलो होतो.
रेजिनानं भाजी निवडता निवडता विचारलं,
त्यांना चाकं आहेत ना?
आहेत.
मग लग्न निघालं की काढ बाहेर.
तेवढ्यासाठी भिंती कशाला?

पुढच्या महिन्याच्या पाठीवर नवं काढलं.
भिंती पुसल्या. दार पुसलं, त्याला वेळ लागला,
कडी-कोयंडासुद्धा काढला होता मी.
उरले सहा खांब, वर पत्रे.
ती वाकून बघत म्हणाली,
म्हणजे हा मांडवच झाला की.

काल खड्डा नंबर एक पुन्हा साफ केला.
तळाशी बाटलीची दोन बुचं, एक चेंडू,
आणि मूठभर जवळा, अजून वासाचा.
चेंडू पोरांना दिला.
बाकीचं तसंच ठेवून
वर काँक्रीट ओतलं.