ओलं बांधू नये

परळ पोस्टाच्या पायरीशेजारी माझं टेबल.
वर निळी ताडपत्री, पायांखाली चार-चार विटा,
कारण हिंदमाता भरलं की पाणी
आधी माझ्याकडे येतं, मग बातम्यांत.

लोक विचारतात, प्लास्टिक किती पदरी घालता?
सगळ्यांना वाटतं पाणी बाहेरूनच येतं.
लवू परबांनी पहिल्या दिवशी मला सुईसुद्धा दिली नाही.
म्हणाले, आधी वस्तू गालाला लाव.
गार लागली तर ओली आहे.
ओलं बांधू नये.
ओलं कोंडलं की भुसावळ, बडनेरा, कुठेतरी रात्री
आतल्या आत पाऊस पडतो
आणि पार्सल पोचतं बाहेरून ठणठणीत.

ऑगस्टच्या मधल्या आठवड्यात नलूताई चोडणकर आल्या.
लेडीज टेलर. लालबागला जिन्याखाली चाळीस वर्षं मशीन.
आता डोळे गेले, मशीन विकलं.
पिशवीतून एक वही काढली, लांबोडकी, वाण्याकडे असते तशी.
मुलीनं नागपुरात दुकान टाकलंय, तिला धाडायची.
मी म्हटलं, तिकडच्या बायकांची मापं वेगळी असतील.
"असू देत. हात कुठे अडखळतो ते कळेल तिला."

वही गालाला लावली.
गार.
माळ्यावर पत्रा गळतो, म्हणाल्या, थोडासाच.
आज नाही जाणार, म्हटलं, उद्या या.
रागावल्या. छत्री आपटत गेल्या.

घरी साठचा बल्ब खाली ओढला,
वही उभी केली पंख्यासारखी,
पानापानांत रद्दीचे तुकडे, अर्ध्या तासाने बदलायचे.
इस्त्री फिरवायची नाही, शाई पळते.
दुसऱ्याचं वाचायचं नसतं.
पण पान उलटायचं तर ते बघावं लागतं.

मिराशीबाई, छत्तीस. गळा मागे खोल.
नवऱ्यानं विचारलं तर शिंपिणीची चूक सांगणार.
धनगरवहिनी, दंड साडेदहा, पैसे दिवाळीनंतर.
खोली बारा. दिवस गेलेत, आत शिलाई सोडून ठेवणे.
मग एक अख्खं पान निळं,
कुणाचा गळा कुणाच्या कमरेत उतरलेला.
आणि दीडच्या सुमाराला:
कुसुम पाटणे. खांदा चौदा. डावा अर्धा इंच खाली.

कुसुम पाटणे माझी आई.
जाऊन सहा वर्षं झाली.
डावा खांदा खाली होता हे मला
कधी दिसलंच नव्हतं.
हंडा ती डावीकडे घ्यायची.
त्याआधी बहुतेक मला.

सकाळी पानं कोरडी. कडा वाकलेल्या, तेवढं चालतं.
आधी जुनं सुती धोतर, राहिलेली ओल ते पितं.
त्यावर मेणकापड, घडीचं तोंड खाली, वळचणीसारखं.
पुठ्ठा, मांजरपाट, जवळजवळ टाके, लाख.
पत्ता शाईनं लिहून वरून मेणबत्ती फिरवायची,
आडवी, मग उभी.
तोच पत्ता आतही एकदा,
कारण बाहेरचा कधी ना कधी जातोच.
वहीच्या पुढे-मागे दोन-दोन कोरी पानं घातली.
मार खायला.

नलूताईंना काही बोललो नाही.
लाखेचे धरून साठ रुपये घेतले.
त्यांनी शिवणीवरून बोट फिरवलं सावकाश,
एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.
"टाका बरा आहे. जरा ओढून घेता तुम्ही."

अकराव्या दिवशी मुलीचा फोन.
एक कोपरा भिजलाय, पुढची दोन पानं गेलीत.
त्यांवर काही होतं का हो?
काही नव्हतं, म्हटलं.
पलीकडे मशीन चालू होतं, थांबलं, पुन्हा चालू झालं.
इकडे पाणी दुसऱ्या विटेला लागलं होतं.