वेशीवरचा आकडा

हायवेवरून आमच्या शहरात शिरताना
निळ्या पाटीवर लोकसंख्या दिसते.
आकडे सुटे, स्क्रूने बसवलेले,
कारण दरवर्षी अख्खी पाटी रंगवणं परवडत नाही.
परवा ओरेस्ट हनात्युक शिडी लावून
सहा काढून आठ बसवत होता.
मी गाडी थांबवून विचारलं, मधला सात कुठं गेला?
म्हणाला, सात येऊन गेला. तू सुट्टीवर होतीस.

साप्ताहिकाचं चौथं पान मी लिहिते, एकवीस वर्षं.
हरवलेली कुत्री, जमलेली लग्नं,
चर्चच्या तळघरातली जुनी कपाटं,
मोफत, स्वतः उचलून न्यावीत.

या आठवड्याचं असं लिहून ठेवलं होतं:
चौदाव्या रस्त्याला सिग्नल बसला,
लोक अजून थांबत नाहीत, सवय नाही.
कॅनोलाच्या शेतात नवी शाळा,
छप्पर यायचंय, पटावर मात्र तीनशे नावं.
जत्रा गुरुवार ते रविवार.
आकाशपाळणा गेल्या वर्षीचाच.

आणि पायच्या स्पर्धेचं भांडण.
मारिव्हिक दुमलाओनं पायमध्ये कोनफळ घातलं,
जांभळं, मनिलाच्या आईच्या हिशेबानं गोड.
डोरीन फ्रीसेननं नियमांचा कागद काढला,
तिच्या सासूनं टाइप केलेला:
"सारण फळाचंच असावं."
मग फळ की कंद, यावर दोन तास.
कुणी शेतकी खात्याला फोन लावला.
तिथला माणूस जेवायला गेला होता.

बुधवारी दुपारी
सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येऊ लागलं.
इकडे हे चांगलं लक्षण नाही.

उत्तरेचं जंगल पेटलं होतं.
रात्री नऊला, अजून उजेड होता तेव्हा,
तीन पिवळ्या शाळेच्या बस आल्या.
क्री वस्तीतली माणसं, उशा, एक मांजर,
कुणीतरी घाईत उचललेला टोस्टर.

मेंढ्यांच्या गोठ्यातून मेंढ्या हलवल्या.
हॉकीच्या रिंकवर गेल्या त्या. उन्हाळ्यात तिथं बर्फ नसतो,
तरी जपून पाय टाकत होत्या.
गोठ्यात खाटा लागल्या.
खाटांवरच्या पाट्या काढायचं मात्र राहून गेलं.
अर्नेस्टीन नोस्की, वय एक्क्याऐंशी,
तीन रात्री झोपली त्या पाटीखाली:
"सफोक मेंढा, पहिला क्रमांक."
म्हणाली, छाप हे. शाळेत कधी आला नव्हता.

पाय परीक्षणाआधीच संपले.
सुरी डोरीनच्याच हातात होती.
कोनफळाचा आधी संपला, असं मारिव्हिक म्हणते.
डोरीन म्हणते, तिनं बघितलं नाही.

पाळणावाला अब्दिरहमान परगावचा,
त्याचं पोट तिकिटावर.
पण अकरा वाजता त्यानं पाळणा सुरू केला
आणि तिकिटाची खिडकी लावून घेतली.
बसमधली पोरं बसली.
सर्वांत वर गेल्यावर एक मुलगा उभा राहिला,
खालून सगळे ओरडलो, बस, बस रे!
उतरल्यावर मी विचारलं,
काय बघत होतास?
आमचं घर.
दिसलं?
नाही. धूर दिसला. आणि हे पिवळं शेत.
परत रांगेत जाऊन उभा राहिला.
सात वेळा.

शुक्रवारी ओरेस्ट फोनवर:
दोनशे चौदा जण आहेत, पाटीवर धरायचे का?
मी म्हटलं, परत जाणार आहेत ते.
तो म्हणाला, ते कळलं मला.
पण जेवायला आज आहेत ना.

त्यानं काय केलं, मी बघायला गेले नाही.
शिडी अजून तिथंच टेकवलेली आहे,
एवढं येता-जाता दिसतं.

पान छापायला जाताना
खाली चार ओळींची जागा उरली. तिथं टाकलं:

सापडला आहे,
आकाशपाळण्याखाली, लहान बूट, डाव्या पायाचा, नाडी निळी.
ओळख सांगून न्यावा.
कचेरी पाचपर्यंत. मी त्यानंतरही असते.