चुन्याचे दोन ठिपके

वडनेरच्या फाट्यावर पेटी कंडक्टरनेच खाली दिली.
"काय हाय बाई, मूर्ती हाय का?"
वजनं आहेत, म्हटलं. बेचाळीस किलो.

सरकीच्या तेलाची गिरणी, बॉयलर कालपासून थंड.
एप्रिल. तापमानाच्या रकान्यात
मी अडतीस लिहिलं, नियमाला सत्तावीस लागतं.
डोमाजी नन्नावरे, बॉयलर अटेंडंट, दुसरा वर्ग,
परवान्याची झेरॉक्स खिशात, घामाने निम्मी पुसलेली.
पान्याने गेज सोडवला त्यांनी
आणि दोन्ही हातांनी दिला, काच वर ठेवून.

पद्धतीची पहिली ओळ: काच स्वच्छ करून घ्यावी.
घेतली.
डोमाजींच्या तोंडून नुसतं "अरे" निघालं.
विचारलं, तर म्हणाले, "काही नाई. चुना होता."

तेल भरलं, हवा काढली,
बुडबुडा मधोमध येईस्तोवर पाय पिळले टेस्टरचे.
चकत्या चढवून बोटांनी फिरवल्या.
फिरत राहिल्या पाहिजेत,
थांबलेलं वजन घर्षणात अडकून काहीही सांगतं.
"जात्यावानी," डोमाजी म्हणाले.

चार किलोला चार पूर्णांक एक.
आठला आठ पूर्णांक दोन.
बाराला बारा पूर्णांक तीन.
दर वेळी काचेवर टिचकी, मग वाचायचं;
टिचकीआधी काटा जरा भिडस्त असतो.

सोळापर्यंत नेलं, थांबले,
आणि एकेक चकती उतरवत आले.
बाराला बारा पूर्णांक चार.
आठला आठ पूर्णांक चार.
चारला चार पूर्णांक दोन.
मग सगळंच उतरवलं, डोक्यावर काही नाही,
तरी काटा शून्याच्या अर्धी रेघ वर.
आत पितळेची वाकडी नळी असते,
दाब आला की सरळ व्हायला बघते.
दाब गेल्याचं तिला जरा उशिरा कळतं.

त्रुटी म्हणजे दाखवलेलं वजा खरं.
आठवर, उतरताना, शून्य पूर्णांक चार.
भागिले सोळा, गुणिले शंभर, अडीच टक्के.
मुभा एका टक्क्याची.
चढ-उतारातला फरक सव्वा.
लाल शाईचं पेन काढलं.

"दोन ठिपके होते," डोमाजी वहीत बघत म्हणाले.
"खालचा, दाब चढता असला का पाहाचा. वरचा, उतरता असला का.
तंबाखूच्या डबीतला चुना. दिवाळीपासून."
कुठे होते?
करंगळीचं नख काचेवर टेकवलं त्यांनी,
आठच्या पुढे एक रेघ.
मग सरकवलं. दोन रेघा.

एक रेघ म्हणजे शून्य पूर्णांक दोन.
मला दीड तास लागला होता.

कशावरून काढलंत?
"घड्याळावरून. सरकी आठावर वीस मिनिटात शिजते.
काटा आठच म्हने, अन् सरकी बावीस घे.
सरकीले कायले खोटं बोलाचं हाय?"

चुना लावणे याचा अर्थ शाळेत
मला दुसराच शिकवला होता.

चहा आला. डोमाजींनी एक चकती तळहातावर घेतली,
कपाळाशी नेऊन परत ठेवली.
"अन् याची चूक कोन काढते?"
नागपूरची प्रयोगशाळा.
"तिची?"
तिच्यावर आणखी मोठी.
"अन् मंग शेवटी?"
शेवटी अधिक-उणे असं चिन्ह असतं, म्हटलं,
त्याच्यापुढे एक लहान आकडा लिहितो,
आमच्या खात्रीला तेवढं भोक आहे म्हणून.
ते हसले नाहीत. हं म्हणाले,
शेजारच्या गावातल्या माणसाची चौकशी करून झाल्यासारखं.

प्रमाणपत्रात एकवीस रकाने आहेत.
शेऱ्यात मी लिहिलं: वापरास अयोग्य.
पेन टेकवून ठेवलं आणखी जरा वेळ.
पुढची ओळ सुचली होती, रकाना संपला होता.

नवा गेज खोक्यातून काढला, बसवला.
काच इतकी स्वच्छ की तिच्यात डोमाजींची मिशी दिसली.
याची त्रुटी शून्य पूर्णांक शून्य पाच, मी सांगितलं,
ठिपक्याची गरज पडणार नाही.

"हाव," ते म्हणाले, आणि खिशातली डबी चाचपली.
"पंधरा दिवस सरकी शिजवून पाह्यतो.
मंग सांगतो."