चौदा तारखेची नोंद

थोर्किलच्या अकरा कालवडी
रात्री तार तोडून ओढ्यात उतरल्या
आणि माझ्या सहा आठवड्यांच्या कामात
पाय रोवून, सावकाश
पाणी प्यायल्या.

सकाळी पोचले तर
काचेच्या घंटा आडव्या, एक फुटलेली,
आणि तळ असा
की कुणी कणीक तिंबता तिंबता मध्येच उठून गेलंय.

टोर्नबेक काही नदी नव्हे.
पश्चिम जटलंडमधला गुडघाभर ओढा,
दगड औषधालाही नाही,
नुसती वाळू.
तिच्या बोटभर उंच लाटा
तासाभरात अंगठ्याएवढ्या सरकतात.
कण चढतो, माथ्यावरून घसरतो, पुरला जातो,
अख्खी लाट त्याच्या अंगावरून जाते,
मग कधीतरी पुन्हा त्याची उजेडाची पाळी.

त्या एका कणावर वस्ती असते.
उघड्या अंगावर नाही, तिथे कणाला कण घासतो
आणि उगवेल ते खरवडून निघतं
खरकट्या पातेल्यासारखं.
वस्ती खाचेत, चिरेत,
घासणी पोचत नाही तिथे.
हिरवे जीव मिळेल तेवढा उजेड खातात,
बाकीचे कुजक्या पानांचा अर्क जाळतात
आणि श्वास घेतात.
मी तो श्वास मोजते.
पगार त्याचाच.

वडील याच ओढ्यात उतरायचे,
कमरेपर्यंत रबरी बूट, हातात लांब दांड्याचा विळा.
शेतं बुडू नयेत म्हणून पाणगवत कापायचे,
वर्षातून दोनदा, मीटरमागे मजुरी.
त्यांच्यामागे तपकिरी ढग उठायचा
खालच्या पुलापर्यंत.
मी काठाने चालायचे, त्यांचा डबा धरून.
‘हे काय वर आलंय?’ एकदा विचारलं.
‘तळ,’ म्हणाले. आणि पुढे कापत गेले.

तर, चौदा तारीख.
पडद्यावरची ऑक्सिजनची रेघ
पहाटे तीनला कड्यावरून पडावी तशी पडली.
खालचा काळा थर खुरांनी वर काढला,
सडक्या अंड्यांचा वास अजून रेंगाळत होता.
ऑक्सिजन ज्यांना विष, ते उघड्यावर आले.
उजेडावर जगणारे वीतभर खाली गाडले गेले.

दुपारी थोर्किल आला, अंड्यांचा ट्रे घेऊन.
ओशाळला होता. टोपी हातात.
‘काही मेलं का?’
मेलं, म्हटलं. मोजता येणार नाही इतकं.
तो वाकून बराच वेळ पाण्यात बघत राहिला.
‘दिसत तर काहीच नाही.’
नाही दिसत.

सिन्ने फोनवर म्हणाली, ते दिवस गाळून टाक.
गाळून टाक!
गाळ कसा गाळायचा, बाई,
माझ्या हातात दुसरं आहे काय?

म्हणून मोजत राहिले.
सोळा तारखेला लाटांची वाळू
पहिल्यासारखी श्वास घेऊ लागली,
जसं काही झालंच नव्हतं. हिरवेपणा मागाहून आला,
फिकट, पण आला.
रोज उलथणारी ती वाळू.
तिला अकरा कालवडी म्हणजे
जरा मोठी लाट.

पण आल्डरच्या मुळांमागचा तो कोपरा,
जिथे पाणी थांबतं,
जिथे कित्येक वर्षांत काही हललं नव्हतं,
जिथे प्रत्येकाला आपली खोली ठाऊक होती,
कोण वर, कोण खाली, कोण कुणाच्या उष्ट्यावर,
तो तीन आठवड्यांनीही
अधूनमधून धाप लागल्यासारखा.

संध्याकाळी वडिलांकडे गेले.
एकाच घरात बावन्न वर्षं काढून
मार्चमध्ये शहरात दोन खोल्यांत आलेत.
खोकी अजून भिंतीशी, चिकटपट्टीसकट.
थोर्किलची अंडी उकडली, मीठ सापडेना.
कोणत्या खोक्यात, त्यांना आठवेना,
मीही उघडून पाहिलं नाही.
कालवडींचं सांगितलं तेव्हा मात्र हसले,
किती, विचारलं. अकरा.
‘मी एकटाच त्याहून जास्त ढवळायचो.’

रात्री नोंदवहीत लिहिलं:
१४. तळ ढवळला गेला. कारण: गुरं.
खोडलं नाही.
बुटातून वाळू निघाली, चिमूटभर,
ती बेसिनमध्ये झटकणार होते.
मग बशीत ठेवली,
वर थोडं पाणी घातलं.