तुटण्याची नोंद

रबाळ्याला, एमआयडीसीच्या त्या गल्लीत
जिथं "गोंद कंपनी" म्हटलं की रिक्षा न विचारता वळते,
मी चार महिने फक्त तोडायचं काम केलं.
लाकडाच्या दोन पट्ट्या, मध्ये कालचा वाळलेला थर,
यंत्राच्या जबड्यांत अडकवायच्या,
काटा चढताना बघायचा.
कट्.
वहीत आकडा.

शिकवायला मढवीबाई होत्या, गोठिवलीच्या.
पहिल्या दिवशी त्यांनी दोन काचा घेतल्या,
मध्ये नळाच्या पाण्याचा एकच थेंब.
"काढ बघू ओढून."
काचा घसरत होत्या, सुटत नव्हत्या.
"म्हणजे पाणीपण गोंदच.
फक्त ते उडून जातं. गोंद मागे राहतो."

मग तो बाटलीला का नाही चिकटत?
"बाटलीत पाणी असतं ना सोबतीला.
ते गेलं की साखळ्या एकमेकींत गुंततात,
रात्री उरलेल्या शेवया सकाळी
अख्ख्या भांड्यासारख्या निघतात, तशा."

रंधा मारलेलं लाकूड त्यांनी भिंगाखाली सरकवलं.
नुसती ढेकळं, नुसत्या भेगा.
"आधी ह्या सगळ्यात उतरावं लागतं,
कडक व्हायचं ते नंतर.
अळवावरचं पाणी कधी काही जोडत नाही."
थोडं थांबून म्हणाल्या,
"ही शेड आहे ना, इथं आमचं असंच होतं.
नांगरलेलं."
आणि भिंग पुसून डबीत ठेवलं.

आकड्याच्या आधी त्या तुटलेलं टोक बघत.
गोंद एकीकडे, लाकूड दुसरीकडे,
सांधा साफ सुटलेला: नापास.
एका पट्टीचे तंतू उपटून
दुसरीवर गेलेले असले, की स्वतःशीच "हां".
मला कळायचं नाही,
एवढं नुकसान, आणि पास?

परवा ऐरोलीचं घर सोडलं.
दारावरची दोन नावांची पाटी
मी एकटीच काढत होते, उलथन्यानं.
खाडीकडून दमट वारा, हात घामेजलेले.
आली एकदाची,
सनमायकाचा टवका घेऊन,
खालच्या प्लायवूडच्या कुसळांसकट.

घरमालक म्हणाला, अनामतीतून चारशे कापीन.
कापा म्हटलं.
मी पाटी उलटी करून
जिन्यातल्या उजेडात धरली होती,
वही नव्हती जवळ.
हां.