वर भाव, खाली वेग

वडगावातून लुमाण्णा कणबरकर आला,
कापडात गुंडाळलेलं काहीतरी काउंटरवर ठेवलं.
उघडून बघतो तर चाळीस जीबीची डिस्क.
"टक टक करूलालीय," म्हणाला,
"सगळे काठ हिच्यातच हाईत."

मी बिलबुकाच्या पाठीवर आडवी रेघ मारली.
वर भाव, खाली वेग.

आयडीई. नवी येत नाही आता,
जुनी कुणी सहाशेला देईल, हमी मागू नये.
चाळीस पिनांची रुंद, चपटी केबल.
त्यानं ती दोन बोटांत ताणली,
ट्यूबलाइटखाली धरली, तारा मोजल्यासारखं केलं.
"ताणा बरा लावलाय कुणीतरी."

साटा. बोटभर केबल, सातच तारा.
फिरती घेतली तर सेकंदाला दीडशे एमबी,
न फिरती घेतली तर पाचशे,
अठराशे रुपये.

एनव्हीएमई. केबलच नाही,
च्युइंगगमच्या पट्टीएवढी, बोर्डावर आडवी निजते.
चोवीसशे. सेकंदाला साडेतीन हजार.

"साडेतीन हजार?" त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला.
"माझा माग मिनिटाला एकशे साठ धागे टाकतोय.
उरलेलं कुठं घालू?"

मग कन्नडात शिरला.
भाव करायचा तर तो कन्नडातच करतो,
मराठीत, म्हणतो, भीड पडते.
"जास्ति आतरी, कडिमी माडरी."
मीही कन्नडातच शंभर सोडले.

पण त्याच्या मशीनला साटा कळत नाही.
म्हणून खणातून तो हिरवा तुकडा काढला, साडेतीनशेचा:
एका अंगाला चाळीस पिना, दुसऱ्या अंगाला सात.
दोन्हीकडचं ऐकतो, स्वतःजवळ काही ठेवत नाही.
आधीच सांगितलं,
ह्याच्यातून नवी डिस्क जुन्याच चालीनं चालेल.
"चालू दे की," म्हणाला, "मी कुठं पळूलालोय."

कॉपी सुरू झाली. मध्ये लाइट गेली,
यूपीएस पिंपिंत राहिला.
पडद्यावर नावं सरकत होती:
भरमाकाठ एक, भरमाकाठ दोन, मोर उलटा, ह्यो नको,
ह्यो नको परत.
भरमा त्याचा भाऊ. इचलकरंजीला असतो आता,
फोन लागतो कधी कधी.

शेवटची फाइल, रुईफूल,
ऐंशी टक्क्यांवर अडली.
तीनदा लावली. डिस्क आतून
दाराची कडी वाजावी तशी वाजली आणि गप्प.

मी काय बोलावं ते शोधत होतो.
त्यानं डिस्क बाजूला सारली,
ती गुंडाळून आणली होती तो तुकडा
काउंटरवर पसरला, तळव्यानं सरळ केला.
काठाला रुईची फुलं, थोडी विटलेली.

अंगठ्याच्या नखानं तो धागे मोजू लागला,
ओठ हलत होते,
मराठीत की कन्नडात, कळलं नाही.
बिल तसंच धरून उभा राहिलो.
मध्ये बोललो असतो तर आकडा चुकला असता.